चार हजार डोकी, प्रकार: इतर

आमच्या इमारतीच्या जिन्यात, पहिल्या मजल्याच्या वळणावर, काचेच्या चौकटीत एक सूचना लावलेली आहे: ‘या इमारतीत कोणताही जीव पाळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून, व्यवस्थापक.’ अक्षर सुंदर आहे. असणारच, ते माझं आहे. व्यवस्थापकही मीच आहे. इराणातल्या उर्मियाच्या टपाल कचेरीत एकतीस वर्षं पत्रं खणांत लावलेल्या माणसाला आठ बिऱ्हाडांची इमारत म्हणजे काय जड?

सूचना लिहावी लागली ती तिसऱ्या मजल्यावरच्या शोकत खानुमच्या मैनेमुळे. मैना स्वभावाने वाईट नव्हती, पण तिने माझा आवाज उचलला होता. दुपारी जेवून मी जरा आडवा झालो की जिन्यातून माझ्याच आवाजात, माझ्याच खोकल्यासकट, ओरड यायची, “खालचं दार कुणी उघडं टाकलं रे?” दोनदा मी स्वतःच दचकून उठलो आणि खाली जाऊन दार लावून आलो. तिसऱ्यांदा सूचना लावली. शोकत खानुमने मैना सलमासला बहिणीकडे पाठवली, आणि तेव्हापासून माझ्या सलामाला ती फक्त भुवयांनी उत्तर देऊ लागली.

अशा परिस्थितीत मी स्वतःच जीव पाळायला घेतले याला कारण माझी नात.

गेल्या नौरोजला, म्हणजे आमच्या वसंतातल्या नववर्षाला, आयसान सहा वर्षांची होती. सणाच्या ताटात ‘स’चे सात पदार्थ मांडले होते, आरसा होता, आणि काचेच्या वाडग्यात लाल मासा होता. मासा दुसऱ्या दिवशी सकाळी पोट वर करून तरंगत होता. पोरीने तो रुमालात गुंडाळला, अंगणातल्या डाळिंबाखाली पुरला, माझ्याकडून त्याच्यासाठी दुआ म्हणवून घेतली आणि आईला म्हणाली, “चल तब्रीझला. इथे मासे मरतात.” तेरा दिवस राहायला आलेली पोर दुसऱ्या दिवशी गेली. वर्षभर फोनवर तिचा एकच प्रश्न. “आगाजान, यंदा पण मासा आणणार?” यंदा तर तिच्या आईने स्पष्टच सांगितलं, “बाबा, ती फक्त सण लागेपर्यंत थांबायला तयार झाली आहे. मग आम्ही लगेच निघू. आग्रह करू नका.”

मी फोनमध्ये म्हणालो, “यंदा मासा नाहीच. यंदा असं काहीतरी आहे की जे मरत नाही.”

शब्द तोंडातून गेला. आता तसं काहीतरी शोधणं आलं.

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला मी माझी अट सांगितली: मरणार नाही, ओरडणार नाही, केस गाळणार नाही, आणि व्यवस्थापकाच्या घरात आहे हे कुणाला कळणार नाही. तो म्हणाला, “आका, म्हणजे तुम्हाला आर्तेमिया पाहिजे.” आर्तेमिया आम्हाला नवी नाही. आमच्या खाऱ्या तळ्यातली ती नखाएवढीही नसलेली कोळंबी; लहानपणी तळ्यात डुंबून आलं की अंगाला चिकटलेली असायची. पण ती घरात पाळता येते हे मला माहीत नव्हतं. दुकानदाराने कागदाच्या पुडीत तपकिरी पूड दिली. “ही अंडी. कोरडी ठेवलीत तर वर्षानुवर्षं तशीच पडून राहतील. मिठाच्या पाण्यात टाकलीत की दोन दिवसांत जिवंत. सांभाळायला काही नाही. चिमूटभर यीस्ट, बस्स.”

वर्षानुवर्षं मेल्यासारखं पडून राहायचं आणि पाण्याचा स्पर्श होताच उठायचं! मी भर दुकानात गहिवरलो. मी रौज़ा ऐकणारा माणूस आहे. सुरात गाऊन सांगितलेलं प्रवचन कानावर पडलं नाही तर माझा आठवडा अळणी जातो, आणि असला दृष्टांत दिसला की डोळे आपोआप भरतात. दुकानदाराला वाटलं मला किंमत जास्त वाटली. त्याने न मागता थोडी कमी केली.

घरी आलो तर नौरोजपूर्व झाडलोट चालू. आमच्याकडे या दिवसांत घर अक्षरशः हलवून काढतात. गालिचे कठड्यावर, पडदे टबात, आणि टूबा खानुम, म्हणजे माझी पत्नी, शिडीवर. मी पुडी एका रिकाम्या बरणीत ओतली आणि स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर डावीकडून तिसऱ्या जागी ठेवली. टपालातला माणूस बरणीवर नावाची चिठ्ठी चिकटवत नाही. तो खण लक्षात ठेवतो. खोईचं पत्र वरून दुसरा खण, माकूचं तिसरा. एकतीस वर्षांत माझं एक पत्र चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डावीकडून तिसरी बरणी काढली. चार चमचे पूड मोठ्या काचेच्या बरणीत घातली, सढळ हाताने मीठ घातलं, आणि ती दिवाणखान्याच्या खिडकीत, शेगडीजवळच्या उबेत ठेवली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी नेमकी शोकत खानुम इमारतीच्या पाणीपट्टीबद्दल भांडायला आली आणि तिची नजर बरणीवर गेली.

“हे काय आहे?”

खोटं बोलणं मला जमत नाही. सांगितलं.

“अच्छा!” ती म्हणाली. भुवया कपाळात. “व्यवस्थापकांच्या घरी जीव!”

“जीव म्हणजे... अजून झालेले नाहीत.”

तिने चष्मा लावला, नाक काचेला टेकवलं. मला वाटलं आता पूर्ण इमारत गोळा करणार. पण बाई वाकून बघतच राहिली. “मीर-जलील आका, यांना तुम्ही खायला काय घालता?”

“चिमूटभर यीस्ट.”

“नुसतं यीस्ट? अहो, लहान पोरांना नुसता पाव देतं का कुणी? साखर घाला! ताकद कुठून येणार?”

सल्ला वाईट वाटला नाही. दोन चमचे साखर घातली. आणि खरं सांगतो, त्याच संध्याकाळी बरणी जिवंत झाली. तपकिरी कण तळाशी जमायचे, एकेक करून वर चढायचे, पृष्ठभागावर क्षणभर थांबायचे, आणि पुन्हा खाली. वर, खाली, वर, खाली. मी टूबाला हाक मारली. ती हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, “अगंबाई, फिरतात की!” शेजारपाजार लोटला. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त सुभेदाराने त्यांची कवायत शिस्तीची असल्याचं प्रमाणपत्र दिलं. शोकत खानुमने तर एकाने आपल्याकडे वळून पाहिलं असं शपथेवर सांगितलं. “डोळे आहेत त्याला. काळे. माझ्या थोरल्या भावासारखे.”

मी तृप्त झालो. माणसाने तृप्त व्हावं, पण शोकत खानुम समोर असताना होऊ नये.

“पण काय हो,” ती म्हणाली, “तळ्यातला जीव घरात ठेवायला सरकारी कागद लागतो ना? तुम्ही तर कायद्याचे माणूस.”

मी कायद्याचा माणूस आहे हे खरंच आहे. दुसऱ्या दिवशी कोट घालून एका सरकारी कचेरीत गेलो. कोणत्या ते सांगत नाही, कारण तिथल्या कारकुनाचा दोष नव्हता. त्याच्याकडे एकच छापील अर्ज होता.

“जनावर कुठलं?”

“आर्तेमिया.”

“मेंढी, बकरी, गाय, म्हैस, उंट, घोडा. यातलं कुठलं?”

“यातलं नाही.”

“मग ‘इतर’. डोकी किती?”

“चार चमचे.”

त्याने पेन खाली ठेवलं. “आका, डोकी.”

मी मनात हिशोब केला आणि कमीत कमी सांगितलं. “चार हजार असतील.”

“चार हजार!” शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून बघायला आले. कारकून एकदम अदबीने बोलू लागला. “साहेब, चराई कुठे आहे आपली?”

“दिवाणखान्याच्या खिडकीत.”

“लसी टोचल्या आहेत?”

“यांना टोचायला सुई कुठून आणू, बाळ?”

“तो आपला प्रश्न. लसीचा कागद घेऊन सणानंतर या.” आणि त्याने मला पोच दिली. त्यावर ठळक शिक्का मारून लिहिलं होतं: मालक मीर-जलील, डोकी चार हजार, प्रकार इतर.

हा कागद मी घडी करून खिशात ठेवला. तो खिशातच राहिला असता तर बरं होतं. पण कोट टूबाने वाळत घातला, कागद जिन्यात पडला आणि ज्या बाईला सापडू नये तिलाच सापडला. शुक्रवारी नमाजानंतर इमारतीची सभा. शोकत खानुम कागद उंच धरून म्हणाली, “माझी एक मैना. एक! ती सलमासमध्ये परदेशी झाली. आणि यांची चार हजार खिडकीत मजेत साखर खातात!”

सुभेदार म्हणाले, “आका, आता तुम्हीच सांगा. नियम सर्वांना एक.”

एकतीस वर्षांत वरिष्ठांनी मला एकदाही उभं करून विचारलं नव्हतं. इथे आठ बिऱ्हाडांसमोर मान खाली घालून मी माझ्याच अक्षराखाली माझ्याच पेनने लिहिलं, ‘लहान जीव सोडून.’ मैना दोनच दिवसांत परत आली. सलमासमध्ये ती नवं काही शिकली नव्हती. दुपारी मी आडवा झालो आणि जिन्यात माझा आवाज आला, “खालचं दार कुणी उघडं टाकलं रे?” पण आता जिन्यात शोकत खानुम सलामाचं उत्तर तोंडाने देते. दार लावून येताना मी विचार केला, सौदा तोट्याचा नाही.

वर्षाचा शेवटचा गुरुवार आला. त्या दिवशी आम्ही आपल्या मेलेल्यांची आठवण काढतो, कबरींवर पाणी शिंपडतो, आणि आमच्या घरी दुपारी रौज़ा असतो. गायला सय्यद फत्ताह आका येतात. त्यांच्याविषयी काय सांगू? सत्तरी उलटली आहे, पाठ वाकली आहे. पण त्यांनी आमच्या तुर्की बोलीत पहिली ओळ उचलली की चहाचा समोवारसुद्धा उकळायचा थांबतो. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता.

“टूबा बहीण,” ते दारातूनच घोगरेपणाने म्हणाले, “गरम पाण्यात खाकशीर मिळेल का?”

खाकशीर म्हणजे तपकिरी, खसखशीएवढं बी. आमच्याकडे उन्हाळा लागो, पोट दुखो की घसा बसो, सरबतात तेच. टूबाने आधीच मोठ्या पातेल्यात गुलाबपाणी घालून सगळ्या मंडळींसाठी सरबत केलं होतं. आकांना पेला मिळाला. घोट घेताना ते क्षणभर थांबले, भुवया उचलल्या, पण पाहुणचाराला नावं ठेवणारा तो माणूस नव्हे. पेला संपवला. दुसरा मागितला.

आणि मग काय गायले! रणात पाण्यावाचून तहानलेल्या शहिदांची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज वर गेला, तिथे थांबला, थरथरला, आणि इतक्या हळुवार खाली उतरला की पुरुषांच्या बाजूला सुभेदारांनी चेहरा टोपीत लपवला, आणि पडद्यापलीकडे बायकांचे हुंदके ऐकू आले. मी तर पहिल्याच ओळीला गेलो होतो. असं रडून झालं की छाती धुतल्यासारखी हलकी होते. संपल्यावर चहा आला, उर्मियाचा साखरेत घोळलेला अक्रोड आला, आणि मी आकांना हाताला धरून खिडकीपाशी नेलं. तळ्याकाठच्या गावात त्यांचा जन्म. वडील मीठ गोळा करायचे. त्यांच्या तोंडून दोन शब्द कौतुकाचे ऐकायचे होते.

आकांनी बरणीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा बरणीत.

“मीर-जलील, हे काय आहे?”

“आर्तेमिया, आका.”

“मीर-जलील,” ते हळूच म्हणाले, “हे खाकशीर आहे.”

“पण ते फिरतात!”

“यीस्ट आणि साखर घातलीस, बुडबुडे बी उचलतायत. तीन दिवसांत याची दारू होईल, आणि मग तू मला तोंड दाखवू नकोस.” त्यांची नजर सावकाश आपल्या रिकाम्या पेल्याकडे वळली. “आणि मग, भावा, मी काय प्यालो?”

स्वयंपाकघराच्या दारात टूबा हातात झारा घेऊन उभी होती. “अहो, मी फळ्या पुसायला बरण्या उतरवल्या, मग परत लावल्या...” तिचा आवाज बारीक झाला. “उजवीकडून लावत आले. तरी मी म्हणत होते, यंदा वाण्याने फारच बारीक खाकशीर दिलं; अख्खी बरणी पातेल्यात ओतली.”

खण तोच, पत्र दुसरंच. माझ्या एकतीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीची अशी वासलात लागली.

नुकती दोन-दोन पेले प्यालेली मंडळी एकमेकांकडे बघत होती. सुभेदारांनी पोटावर हात ठेवून विचारलं, “आका, हे... चालतं का?”

आका जमिनीकडे बघत होते. खांदे हलत होते. मला वाटलं, पुन्हा रडतायत. पण त्यांनी मान वर केली तेव्हा दात नसलेलं तोंड भरून हसत होते. “कोळंबी चालते, सुभेदार. ही कोळंबीच्याच घरची, फार तर चुलत नणंद. शिवाय माझा आवाज बघितलात ना आज?”

सगळं घर हसलं. मी सोडून. कारण परवा आयसान येणार होती.

“आका,” मी म्हणालो, “मी पोरीला शब्द दिलाय. दुकानदार गावाला गेला, दुकान बंद. बरणीत एक जीव नाही.”

आकांनी पातेल्याचं झाकण काढलं. तळाशी चार पेले सरबत आणि त्यावर तपकिरी तवंग तरंगत होता. “हे काय मेलेत होय? इतकी वर्षं कोरडे राहिले, त्यांना तासभर गुलाबपाणी काय करतंय? टूबा बहीण, बारीक कापड आण.”

मग जे झालं ते माझ्या दिवाणखान्यात पुन्हा होणार नाही. शोकत खानुमने पिशवीतला नवा रेशमी रुमाल काढला, तो पातेल्यावर ताणला, दुसरी टोकं सुभेदारांच्या हातात. बायकांनी पेल्यांचे तळ खरवडून आणले. ज्याच्या तळाशी कण उरला होता त्याला शाबासकी, ज्याने शेवटचा थेंबही सोडला नव्हता त्याला टोमणा. “एवढी तहान कशाला लागते माणसाला!” आकांनी स्वतः बाह्या सरसावून साखर धुवून काढली. मी मिठाचा डबा उचलला तर त्यांनी मनगट धरलं. “तळं करायला निघालास का? वसंतात पाऊस पडून काठचं पाणी फिकं झालं की मग ही उघडतात. माझे वडील जिभेवर चाखून सांगायचे.” त्यांनी बोट बुडवलं, चाखलं, आणखी चिमूटभर घातलं, पुन्हा चाखलं. “हं. एवढं.”

शनिवारी सकाळी आयसान आली. वर्षभरात वीतभर वाढली होती. बूट काढले नाहीत; दारातल्या पायपुसण्यावरच उभी राहून म्हणाली, “न मरणारं कुठाय?”

मी तिला बरणी दाखवली. पाणी, थोडा गढूळपणा, तळाशी तपकिरी गाळ. एकही हालचाल नाही. सण लागायला अर्धा तास होता. ताट मांडलेलं, तिची आई कोट अंगावर तसाच ठेवून बसलेली.

“यात काही नाहीये, आगाजान.”

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. खोटं बोलणं मला जमत नाही, हे वर लिहिलंच आहे. पण मोठेपणा मिरवणं मला छान जमतं, आणि ते त्याचंच धाकटं भावंड. “आयसान,” मी म्हणालो, “मी तुला फोनवर चुकीचं सांगितलं. हेही मरतात. दोन-तीन महिने जगतात, मग जातात. आणि जगतील की नाही तेही मला ठाऊक नाही. कारण आधी दहा-बारा दिवस मी खाकशीर पाळलं.”

“म्हणजे?”

सगळं सांगितलं. साखर, सुभेदारांची कवायत, कचेरीतली चार हजार डोकी, आकांचे दोन पेले. आधी ती गंभीर होती. मग ओठ थरथरले. “तुम्ही खाकशीरला जेवायला घातलं?” ती म्हणाली. आणि मग जमिनीवर लोळून हसली, बूट घालूनच.

हसता हसता तिचा चेहरा बरणीच्या काचेला लागला आणि ती तशीच आत बघत राहिली.

“आगाजान. हलू नका.”

खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं. त्या उजेडात, गाळाच्या वर बोटभर अंतरावर, धुळीपेक्षा लहान एक नारिंगी ठिपका होता. तो वर जात नव्हता, खाली येत नव्हता. तो झटके देत, वाकडातिकडा, आपल्या मनाने चालला होता. त्याच्या मागे दुसरा. मग पोरीने मोजायला सुरुवात केली, आणि सतरापर्यंत गेली तेव्हा रेडिओवर तोफ झाली, नवं वर्ष लागलं, टूबाने समनूची, गव्हाच्या मोडांच्या गोड खिरीची, वाटी पुढे केली, सगळे एकमेकांच्या गालांना गाल लावत होते, आणि आयसान म्हणत होती, “अठरा. ढकलू नका. एकोणीस.”

जेवण झालं. तिच्या आईने गाडीची किल्ली काढली. “चल, आयसान. ठरलं होतं ना?”

आयसानने बूट काढले. एक इकडे भिरकावला, एक तिकडे. “तू जा,” ती म्हणाली. “मी तेरा दिवस इथेच आहे.”

“अगं, पण का?”

“यांना जेवायला कोण घालणार?” तिने माझ्याकडे बोट दाखवलं, आवाज न लपवता. “आगाजानना बी कुठलं आणि जीव कुठला तेसुद्धा कळत नाही.”

माझ्या अख्ख्या नोकरीत माझ्याबद्दल इतकं वाईट कुणी बोललं नव्हतं. मी उठलो आणि तिचे दोन्ही बूट शोधून कपाटात, अगदी आतल्या खणात ठेवून दिले.